न कापलेली पानं

बिग एल्म, टॅमरॅक जिल्हा, मिनेसोटा
२ नोव्हेंबर १८५८

रूएल,

तू पेंबिनाच्या कातडी-व्यापाराच्या ठाण्यावर आहेस, हे टपाल नेणाऱ्या नॉर्बेर लारोककडून कळलं. तुझी तब्येत कशी आहे म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "बरी असावी. कातडी मोजतो, दोन वेळा जेवतो, कुणाशी बोलत नाही. तिकडे त्याला सगळे शहाणा समजतात."

इकडे ठीक आहे. लोविनाचे गुडघे थंडीने धरले आहेत. तुझा उतारू नेण्याचा तराफा मी किनाऱ्यावर ओढून पालथा घालून घेतला. नदीवरचा दोर सोडवून आमच्या कोठारात ठेवला आहे. पलीकडच्या खांबावरची, तुला बोलावायची घंटा मात्र तशीच आहे. वारा सुटला की ती वाजते आणि कुणीतरी आलं असं वाटतं.

तू न्यायालयातून निघालास आणि दुसऱ्याच दिवशी गाव सोडलंस, म्हणून पुढचं तुला माहीत नसेल. जड्सन क्रेनच्या खुनात हाल्वोर मोएन दोषी ठरला. ज्युरीला बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून वेडच्या दुकानाखालच्या बटाट्याच्या तळघरात बसवलं. चाळीस मिनिटांत ती वर आली. क्रेनच्या जमिनीच्या खुणेचा खांब हाल्वोरने उपटला होता आणि त्याला जीव घेण्याची धमकी दिली होती, हे अकरा जणांनी शपथेवर सांगितलं. त्या संध्याकाळी तो कुठे होता हे सांगणारा कुणी नव्हता. शिक्षा मी सुनावली. फाशी अकरा मार्चला, शुक्रवारी. माझा आवाज जराही हलला नाही, असं नंतर बऱ्याच जणांनी येऊन सांगितलं. मग आम्ही जेवलो. मी दोन बटाटे जास्त खाल्ले.

तू काय सांगणार होतास हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गोळी झाली तेव्हा हाल्वोर तुझ्या तराफ्यावर होता, नदीच्या मध्यावर. पण सरकारी वकिलाने हरकत घेतली आणि मला तुला तो प्रश्न विचारावा लागला. देवाच्या न्यायावर ज्याचा विश्वास नाही त्याला शपथ देता येत नाही, हा नियम मी तिकडे पूर्वेला मेनमध्ये कायदा शिकलो तेव्हापासून पाळत आलो आहे. आपलं मिनेसोटा यंदा मे महिन्यात राज्य झालं. नव्या घटनेने हा नियम काढून टाकला आहे, असं आता दिसतं. घटना आणि नवे कायदे छापलेलं पुस्तक न्यायालयाचं सत्र संपल्यानंतर माझ्या हाती आलं. आधी आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे तुला माहीत असावं, म्हणून हे पत्र.

ॲल्व्हा पेटिंगिल
जिल्हा न्यायाधीश

सवयीने हुद्दा लिहिला गेला. राहू दे.


५ डिसेंबर

रूएल,

तुझं उत्तर नाही. नॉर्बेर म्हणतो, तू पत्र घेतलंस आणि कोटात ठेवलंस. उघडलंस का, ते त्याने पाहिलं नाही.

आज रविवार आहे. रविवारी आई सुईसुद्धा हातात धरू देत नसे, आणि मी पत्र लिहितो आहे. सकाळी उपासनेला गेलो होतो. प्रार्थना पाठ आहेत, तोंडातून बरोबर बाहेर पडतात.

हाल्वोरची बायको गुनिल्ड दर शनिवारी आमच्याकडे येते. तिला आपली भाषा चार शब्दांपलीकडे येत नाही. स्वयंपाकघरात चुलीजवळ बसते, लोविना तिला कॉफी देते, दोघी गप्प बसतात. तासाभराने ती उठून आठ मैल चालत परत जाते. माझ्याकडे बघत नाही आणि काही मागत नाही. पहिल्यांदा आली तेव्हा लोकरीचे हातमोजे आणले होते, माझ्या मापाचे. कुणाचं माप घेऊन विणले कोण जाणे. न्यायाधीशाने आरोपीच्या घरून काही घेऊ नये, म्हणून मी ते परत करायला सांगितले. लोविनाने केले नाहीत. दाराजवळच्या खुंटीवर आहेत.

हाल्वोरच्या वकिलाला, हिचकॉकला, सेंट पॉलला वरच्या न्यायालयात जायचं आहे. तो मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "जाऊ काय घेऊन, जजसाहेब? नोंदवहीत एक ओळ आहे. 'साक्षीदार आर. पेटिंगिल यास तपासले नाही.' का तपासलं नाही, ते कुठेच नाही. मी त्याच वेळी हरकत नोंदवायला हवी होती. झोप आली होती मला." त्याचं खरं आहे. आदल्या दिवशी आम्ही तिघं-चौघं पंचवीस मैल घोड्यावरून आलो होतो आणि त्याआधीची रात्र वाटेतल्या मुक्कामावर एकाच खाटेवर आडवे होऊन काढली होती. पण वरचं न्यायालय फक्त कागद पाहतं. कागदात जे नाही ते घडलेलंच नाही.

इनॉस व्हिपल, माझा कारकून, तुला आठवतोच. तो कधी बोलत नाही. परवा पिसाचं पेन तासता तासता म्हणाला, "एक विचारू, जजसाहेब? तुमच्या भावाने 'हो, माझा विश्वास आहे' असं खोटं सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला खरा माणूस मानून शपथ दिली असती. त्याने खरं सांगितलं, म्हणून खोटा ठरवून खाली उतरवलंत. हे असंच आहे ना? मला नीट समजलंय ना?"

मी म्हणालो, असंच आहे.

"बरं," म्हणाला, आणि पुन्हा पेन तासायला लागला.

तो असंही म्हणाला की कायद्यांचं पुस्तक ऑक्टोबरच्या नऊ तारखेच्या बोटीने आलं आणि त्याने ते त्याच दिवशी माझ्या हाती दिलं. म्हणजे सत्राच्या पाच दिवस आधी. त्याची काहीतरी चूक होत असावी. साठीला आलेला माणूस आहे.

ॲल्व्हा


९ जानेवारी १८५९

रूएल,

इनॉसची चूक नाही. पुस्तक नऊ तारखेला आलं.

खोगिराच्या पिशवीत घालून मी ते सोबत आणलं होतं. नवी पुस्तकं कशी येतात ते तुला माहीत आहे. कडा न कापलेल्या असतात, चाकू लावल्याशिवाय मधली पानं उघडत नाहीत. मी शेवटची काही पानं कापली, कारण कुठल्या जिल्ह्यात कोणत्या तारखेला न्यायालय भरवायचं ते तिथे होतं. घटना सुरुवातीला होती. ती पानं मी कापली नाहीत. मला वाटलं, कायदा मला येतो.

असं का वाटलं, याचा मी या हिवाळ्यात बराच विचार केला. दुसरं काम नाही. सात जिल्ह्यांची फेरी बर्फाने बंद आहे. गावच्या शाळेत आपण दोघं मिळून फार तर पाच हिवाळे बसलो असू. पुढे मी वकिली करणाऱ्या स्क्वायर लूमिसच्या कचेरीत जळाऊ लाकूड रचून द्यायचो आणि त्या बदल्यात त्याची पुस्तकं वाचायचो. तीन पुस्तकं होती. ती पाठ झाली तेव्हा त्याने मला वकील म्हणून उभं केलं. इकडे आलो तेव्हा टॅमरॅकमध्ये कायद्याचं पुस्तक असणारा मी एकटाच. झाडाखाली न्याय दिला, धान्याच्या कोठीत दिला, एकदा लग्नाच्या मांडवात दिला आणि मग तिथेच लग्नही लावलं. लोक म्हणायचे, पेटिंगिलला पुस्तक उघडावं लागत नाही. मला ते आवडायचं. गेल्या वर्षी त्यांनी मला निवडून दिलं ते त्याच बोलण्यावर. तूसुद्धा तराफ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतास, माझ्या भावाला मत द्या, त्याला उगाच घोड्यावरून फिरायची हौस आहे.

निकालानंतर, ऑक्टोबरच्या अखेरीस, मी चाकू घेऊन पहिली पानं कापली. कलम सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. धर्माविषयी कुणाचं मत काहीही असो, त्यावरून त्याची साक्ष नाकारता येणार नाही. चार ओळी आहेत. तुझ्याकडून फक्त सत्य सांगण्याचं वचन घ्यायचं होतं, एवढंच.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं.

ॲल्व्हा


३० जानेवारी

रूएल,

काल तुरुंगात गेलो. म्हणजे शेरीफच्या घरामागची लाकडी खोली. न्यायाधीशाने असं जाऊ नये. शेरीफ म्हणाला, "शेक घ्यायला आलात असं म्हणू आपण. इथली चूल खरंच बरी आहे."

हाल्वोर बर्चच्या लाकडाचा चमचा कोरत होता. शेरीफने त्याला चाकू दिला आहे. मला पाहून तो उठला आणि टोपी काढली. काय बोलावं हे मी ठरवलं नव्हतं. त्यानेच विचारलं, माझा बैल कोण बघतं. मी म्हणालो, शेजारी बघतात.

"त्याला पाण्याची भीती वाटते," तो म्हणाला. "त्यांना सांगा, पाण्याजवळ नेताना डोळे झाका. रूएलला ठाऊक आहे. त्या दिवशी मधोमध आलो, पलीकडे कुठेतरी गोळी झाली आणि हा बिथरला. तराफा कलंडणार होता. रूएलने अंगातला कोट काढून त्याच्या डोळ्यांवर टाकला. शिंगाने बाही फाडली त्याची. मी म्हटलं, भरून देतो. तो म्हणाला, राहू दे, माझी वहिनी शिवते."

त्याने हे बैलाविषयी सांगितलं, स्वतःविषयी नाही. ही आपल्या बाजूची साक्ष आहे हे बहुधा त्याच्या ध्यानातही नव्हतं. मला तर ते पहिल्यांदाच कळत होतं. तुला मी बोलूच दिलं नव्हतं, तर कळणार कुठून.

घरी आलो. लोविना पीठ मळत होती. मी विचारलं, सप्टेंबरमध्ये रूएलचा कोट शिवलास का. ती म्हणाली, "चार तारखेला, क्रेन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. शनिवार होता. उजवी बाही, कोपरापासून खांद्यापर्यंत. बैलाची लाळ लागली होती, आधी धुवावा लागला." मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस. तिने हात पिठातून काढले नाहीत. म्हणाली, "तुम्ही लोकांना प्रश्न विचारता ते खुर्चीवर बसून. मला त्या खुर्चीसमोर कुणी बोलावलं नाही. घरात तुम्ही मला ऑक्टोबरपासून एकच गोष्ट विचारलीत, मीठ कुठे आहे."

फाशीचे खांब उभे करायला गोठलेल्या जमिनीत खड्डे घेता येत नाहीत, म्हणून शेरीफ तिथे रोज शेकोटी पेटवून जमीन मऊ करतो आहे. माझ्या कचेरीच्या खिडकीतून धूर दिसतो. हे मी तुला सांगतो आहे कारण ते दिसतं. त्याने मला काही होतं असं नाही. काही व्हावं म्हणून मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो.

ॲल्व्हा


६ फेब्रुवारी

रूएल,

अजून एक सांगायचं राहिलं आहे. तेच मुख्य आहे आणि तेच मी तीन महिने बाजूला ठेवलं.

तू साक्षीदाराच्या खुर्चीत बसायच्या आधी दुपारची सुट्टी झाली होती. सरकारी वकिलाने जेवताना सांगितलं की तो हरकत घेणार आहे. मी माडीवरच्या खोलीत गेलो. पुस्तक पिशवीतून काढलं. चाकू जवळ नव्हता असं नाही, खिशातच होता. पण मी पान कापलं नाही. दुमडलेल्या कागदात बोट घालून तो जरा फुगवला आणि आत पाहिलं. अर्धी ओळ दिसली. "धर्माविषयीच्या मतामुळे कोणतीही व्यक्ती" एवढं. पुढचं घडीत होतं. मी बोट काढलं आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. पुढे काय असेल, हे न कळण्याइतका मी अडाणी नाही. पण वाचलं नव्हतं. वाचलं नाही तर विचारता येत होतं.

मला तुला विचारायचं होतं, रूएल.

त्या वर्षी घशाच्या तापाने तुझी ड्रूसिला आणि दोन्ही मुली आठवड्यात गेल्या. त्यानंतर तू चर्चमध्ये पाऊल टाकलं नाहीस. चार वर्षं मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना केली. तुझ्याशी बोलायला आलो की तू तराफा हाकारून नदीत जायचास. त्या दिवशी मला वाटलं, आज त्याला जाता येणार नाही. खुर्चीत बसला आहे, सगळं गाव समोर आहे, मित्राचा जीव एका शब्दावर आहे. आज तो 'हो' म्हणेल. तोंडाने म्हणाला की हळूहळू मनानेही येईल. मला वाटलं, देवानेच ही वेळ आणली आहे. मी तुला देवाकडे ओढून आणायला निघालो होतो आणि दोर म्हणून हाल्वोरची मान वापरली.

मी विचारलं, "मेल्यानंतर देव माणसाचा न्याय करतो आणि खोट्याला शिक्षा देतो, यावर तुझा विश्वास आहे का?"

तू म्हणालास, "तुला माहीत आहे, ॲल्व्हा."

मी म्हणालो, न्यायालयाला ऐकायचं आहे.

तू हाल्वोरकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालास, "नाही. पण तो माझ्या तराफ्यावर होता." ते दुसरं वाक्य नोंदवू नये, असं मी इनॉसला सांगितलं.

तू त्याला वाचवायला खोटं बोलू शकला असतास. मी तुला तेवढी सक्ती केली होती. जो शिक्षेला भीत नाही तो खोटं बोलतो म्हणून त्याला शपथ देऊ नये, असा तो नियम. त्या खोलीत शिक्षेला भिणारा मी होतो.

शुक्रवारी मी हे सगळं लिहून काढलं, घडीचा कागद फुगवून पाहण्यापर्यंत. इनॉसने नक्कल केली. पूर्ण करून म्हणाला, "अक्षर माझं चांगलं आलंय, जजसाहेब. सही करणार असाल तर आज करा. उद्या तुम्ही पुन्हा विचार कराल." मी सही केली. हिचकॉक तो कागद घेऊन सेंट पॉलला निघाला आहे. बर्फ खोल आहे. गुनिल्डचे हातमोजे त्याला दिले, त्याचे फाटले होते.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. भूक लागली, जेवलो.

ॲल्व्हा


१७ एप्रिल

रूएल,

वरच्या न्यायालयाने निकाल रद्द केला. आदेश चार मार्चला इथे पोचला. अकराला शेरीफने खांब पाडले, ते लाकूड पुलाच्या कामाला घेतलं. खटला जूनच्या सत्रात पुन्हा चालेल, दुसऱ्या न्यायाधीशापुढे. हाल्वोर अजून आतच आहे. लोविनाचं नाव हिचकॉकने साक्षीदारांत घातलं आहे. पण ती फाटक्या बाहीपेक्षा जास्त सांगू शकत नाही. बाही कधी आणि कशी फाटली हे सांगणारा तूच आहेस. तू नसशील तर पुन्हा ते अकरा जण आहेत आणि तेच तळघर.

मी राजीनामा दिला. तो स्वीकारायला त्यांनी वेळ लावला नाही. गावात काही जण नमस्कार करतात, काही करत नाहीत. दुकानदार वेड म्हणाला, "पेटिंगिल, तुला पुस्तक उघडावं लागत नाही म्हणून आम्ही तुला निवडलं. चूक आमचीपण आहे." तो हसत होता, पण थट्टा करत नव्हता. सरकारी वकील मला ओळख देत नाही. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसतो. प्रार्थना अजून पाठच आहेत, पण परवा एका ओळीवर अडखळलो आणि पुढचं आठवेना. थांबलो. बरं वाटलं.

जिल्ह्याला तराफ्यासाठी माणूस हवा होता. मी मागितलं, त्यांनी दिलं. डांबर लावलं, दोर पुन्हा ओढून बांधला. दोन दिवस त्याची उजवी गाठ सुटत होती. तू ती कशी बांधायचास ते मला जमत नाही.

काल नॉर्बेर आला. आतापर्यंतची सगळी पत्रं तू एकाच दिवशी, एकामागून एक वाचलीस असं तो म्हणाला. मी विचारलं, काही निरोप आहे का. म्हणाला, "निरोप नाही. एक प्रश्न विचारला त्याने. एल्म नदीवरचा बर्फ निघाला का?"

त्याचं उत्तर देतो. चौदा तारखेला निघाला. सकाळी मोठा आवाज झाला आणि दुपारपर्यंत मधला प्रवाह मोकळा होता. पाणी वर आहे, पण तराफा चालतो. कालच हाल्वोरचा बैल पलीकडे नेला, डोळ्यांवर पोतं टाकून.

पलीकडच्या काठावर आलास की घंटा वाजव. आता वारा पडला आहे, ती आपली आपण वाजत नाही. वाजली की मी निघेन. दोर जुना आहे आणि मला सवय नाही, म्हणून वेळ लागेल, तेवढा थांब. तू चढ, हवं तर माझ्याकडे पाठ करून बस. मी तुला काही विचारणार नाही.

ॲल्व्हा